डॉक्टर, कुत्रा घेऊ की मांजर?

हा प्रश्न मला दवाखान्यात कमी आणि लग्नकार्यांत जास्त विचारला जातो. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंना मी जनावरांची डॉक्टर असल्याचं कळलं, की मठ्ठ्याची वाटी येईपर्यंत विषय निघतोच. मुलं मागे लागलेली असतात, नवऱ्याला लहानपणापासून कुत्र्याची हौस असते, बाईंना सोफ्यावर केस नको असतात आणि मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ बघून अजून न आलेल्या मांजराचं नावसुद्धा ठरवून टाकलेलं असतं. म्हणजे निकाल बहुतेक लागलेलाच असतो, माझा फक्त शिक्का हवा असतो. शिक्का देण्याऐवजी मी विचारते, "तुमच्या घरात सकाळी सहाला कोण उठतं? आणि पावसाळ्यात?" मग बाई जिलेबीकडे वळतात.

पुण्यासारख्या शहरात कुत्र्याचा पहिला खर्च पैशांचा नसतो, तासांचा असतो. दिवसातून दोनदा त्याला बाहेर न्यायचं, मग श्रावणसरी असोत की घरात पाहुणे. लॅब्रेडॉर ही जात शिकाऱ्यानं पाडलेलं पाखरू पाण्यातून उचलून आणण्यासाठी तयार झाली. त्याला वन बीएचकेत दिवसभर कोंडून संध्याकाळी बिल्डिंगभोवती दोन चकरा मारून आणलं, तर उरलेली ताकद तो चपलांवर काढतो. मालक म्हणतात, फार हट्टी आहे हो. मी म्हणते, हट्टी नाही, बेकार आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आणलेली कितीतरी पिल्लं पुढे माझ्याकडे एकाच तक्रारीनं आली: घर बंद केलं की दिवसभर रडतो, दार ओरबाडतो, शेजारी भांडायला येतात. त्या पिल्लांनी जन्मापासून घरात चोवीस तास माणसं पाहिली होती. ऑफिसं सुरू झाली आणि त्यांच्या दृष्टीनं एका सोमवारी अख्खं कुटुंब नाहीसं झालं. अशा वेळी औषधाची चिठ्ठी लिहिताना मला हसू येतं, कारण औषध हवं असतं ते घराच्या वेळापत्रकाला.

आणि जात निवडताना तर आपण टीव्हीला विचारतो. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत छोट्या मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि घराघरांत पग शिरले. त्या गोड चपट्या तोंडाच्या आत नाकपुड्या अरुंद, टाळू लांब, श्वासाला वाट नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला नीट धापाच टाकता येत नाहीत त्याला मे महिन्यात दुपारी बाराला गाडीतून आणलं, तर टेबलावर घेईपर्यंत ताप १०६ च्या वर गेलेला असतो. हस्कीबद्दल मी बोलतच नाही, बोलले की माझा आवाज चढतो. या हवेत हजारो वर्षं तगलेलं गावठी कुत्रं दवाखान्याच्या बाहेर फुकट बसलेलं असतं, आणि आत मी हजारो रुपयांच्या कुत्र्याच्या त्वचेवर तेवढ्याच रुपयांचे उपचार करत असते.

मी फलटणकडच्या एका गावात वाढले. आमच्या घरी कुत्रंही होतं आणि मांजरही, पण लाडाला कुणीच नव्हतं. कुत्रं रात्री गोठ्यावर आणि सुगीत खळ्यावर, मांजर कणगीपाशी. भाकरी उरली तर कुत्र्याला, धार काढताना ताटलीत दूध मांजराला. दोघांनाही दवाखाना माहीत नव्हता. पुढे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षं काढली, तिथेही बहुतेक अभ्यास गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडीचा. पण ही आमच्या घरातली कामाची वाटणी किती जुनी आहे ते नंतर वाचनात आलं. कुत्रा माणसाकडे आला तेव्हा शेती सुरूच झाली नव्हती. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल नावाच्या ठिकाणी सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या पुरलेल्या माणसांसोबत एक कुत्र्याचं पिल्लू सापडलं. अलीकडे त्याचे दात तपासले तेव्हा दिसलं, की त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता आणि तरी ते काही आठवडे जगलं. डिस्टेंपरची केस ज्यानं सांभाळली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो: कुणीतरी त्याचं तोंड पुसलं, त्याला पाणी पाजलं, ऊब दिली. शिकारीच्या कामाचं ते पिल्लू तेव्हा नक्कीच नव्हतं.

मांजर आलं ते धान्याच्या मागे. धान्य साठलं, उंदीर वाढले, रानमांजरं वस्तीजवळ आली आणि राहिली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, आणि त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं होतं. तरीही मांजराला आपण बदललं फार कमी. कुत्र्यापासून ग्रेट डेनही झाला आणि चिवावाही, मांजर जवळपास तेच राहिलं. देवांनीही पक्षपातच केला. खंडोबाजवळ कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मांजराच्या वाट्याला काय? आडवं गेलं की अपशकुन. आपल्या घरांत मांजराच्या बाजूनं उभी राहिली ती फक्त आजी.

आता माझ्या टेबलावर रोज दिसणारा फरक सांगते, कारण माझं मत झालं ते तिथेच. कुत्रा आपलं दुखणं सांगतो. गोचीड तापाची केस घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात आणि नंतर याच केसेसची रांग असते. संध्याकाळी मालक घरी आले, बेल वाजली आणि कुत्रा दाराशी आला नाही, एवढ्यावरून त्याच रात्री मला फोन येतो. बिस्किट हुंगून सोडलं, जिना चढताना थांबला, अशा गोष्टी लोक तारीखवार सांगतात. रक्त तपासलं तर प्लेटलेट खाली गेलेल्या असतात, एर्लिकिया निघतो, महिनाभर गोळ्या चालतात आणि बहुतेक कुत्रे बरे होतात. बरे होण्यामागे डॉक्सीसायक्लीनचा वाटा आहेच, पण त्या न वाजलेल्या शेपटीचाही आहे. कुत्र्याचा दिवस तुमच्या दिवसात इतका गुंतलेला असतो, की त्यात काही चुकलं तर तुम्हाला अडखळायला होतं.

मांजर दुखणं लपवतं. रानात ते शिकारी आहे, पण आकार एवढासा, की त्याचीही शिकार होते. लंगडताना दिसलं तर संपलं. म्हणून ते आजारी पडलं की कपाटामागे जाऊन बसतं आणि घरातले म्हणतात, हल्ली फार शांत झालंय. वेदनेत असलेलं मांजर घुर्रघुर्र करू शकतं, हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. २०१९ मध्ये माँट्रियलच्या पशुवैद्यकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली: कानांची ठेवण, डोळ्यांचं आकसणं, तोंडाचा ताण, मिशांची दिशा, डोकं खांद्यांच्या किती खाली आहे ते. मी त्या चित्रांची प्रत बाकड्यासमोर लावली आहे. कुत्रेवालेही ती वाचतात आणि मग आपल्या कुत्र्याचे कान बघत बसतात.

सगळ्यात वाईट अनुभव लघवी तुंबलेल्या बोक्यांचे. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन जोर करतो. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ आहे. एका तरुण मुलानं असाच दीड-दोन दिवस बोक्याला इसबगोल चारलं होतं. आणला तेव्हा बोका आडवा, अंग गार, मूत्राशय दगडासारखं आणि नाडी मंद, कारण पोटॅशियम वाढलं की हृदयच थांबायला लागतं. सलाईन, कॅल्शियम, कॅथेटर, रात्रभर जागरण. तो वाचला. मुलगा भिंतीला टेकून म्हणत होता, "मॅडम, तो काही बोललाच नाही." मांजर पाळायला सोपं असतं असं जे म्हणतात त्यांना मी हे वाक्य सांगते. बोका असेल आणि ट्रेमधून कोरडा परत येत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

मांजराला लहान आकाराचा कुत्रा समजून औषध देता येत नाही, हेही मोठ्या किमतीनं कळतं. एका आजींनी मायेपोटी तापलेल्या मनीला पॅरासिटामॉलची गोळी कुटून दुधातून दिली. मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा रंगच बिघडतो, हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं. माणसांना अशा वेळी देतात तेच ॲसिटिलसिस्टीन आम्ही दिलं, पण बारा तास उलटून गेले होते. त्या घरी मी अजून फोन करते, आजी कधीच तो विषय काढत नाहीत. तसंच कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध. कुत्र्यावर ते नीट काम करतं, उरलेले दोन थेंब मांजराला टाकले की तिला झटके सुरू होतात. दोन्ही प्राणी असलेल्या घरात कुत्र्याला असलं औषध लावलं, तर ते सुकेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी झोपू द्यायचं नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी शिक्का मारून उत्तर देते. ज्या घरात मांस-मासळीचं पाकीटसुद्धा येऊ शकत नाही, त्या घरानं मांजर आणू नये. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मांजर नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराला आहारातूनच घ्यावा लागतो आणि तो दूधभातात पुरेसा नसतो. १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगतं आणि ढिलं पडतं. त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं आणि या कारणानं जाणारी मांजरं एकदम कमी झाली. पण पेठेतल्या जुन्या वाड्यात तयार खाद्य आलंच नाही, तर १९८७ चा काय उपयोग? तिथली दूधपोळीवर वाढलेली मांजर मी पाहिली आहे: डोळ्यांचा पडदा खराब झाल्यामुळे संध्याकाळी भिंतीला धडकणारी. वाड्याबाहेर जाऊन उंदीर, पाली मारणारी तिची आई मात्र ठणठणीत होती. त्या घराला माझं म्हणणं पटायला महिना लागला. मग मांजराचं खाणं गॅलरीत, वेगळ्या ताटलीत, आणि ते द्यायचं काम जावईबापूंकडे, असा तोडगा निघाला.

दुसरा घरगुती कज्जा म्हणजे सून गरोदर राहते आणि सासूबाई मांजर घेऊन माझ्याकडे येतात, कुणाला तरी देऊन टाका म्हणून. गर्भाला बाधणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची भीती खोटी नाही. पण मांजराच्या विष्ठेतले ते जंतू बाधण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून ट्रे रोज साफ केला आणि तो सुनेनं न करता मुलानं केला, तर धोका फारच कमी होतो. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. "मुलानं करायचा" या शब्दांवर सासूबाईंचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं. बऱ्याचदा मांजर घरी परत जातं.

रेबीजच्या बाबतीत मी दोघांत फरक करत नाही. जगात रेबीजनं जाणाऱ्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात जातात, बहुतेक कुत्र्याच्या चाव्यानं. म्हणून मांजर चावलं तर काही होत नाही असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. दात कुणाचेही असोत, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही लस मी देतेच. लोक म्हणतात, ती कुठे बाहेर जाते? मी म्हणते, बाराव्या मजल्यावरून एकदा जाईल.

हे कुचेष्टेनं नाही म्हणत. उंच इमारती वाढल्या तशी खिडकीतून पडणारी मांजरं वाढली. कठड्यावर कबुतर बसतं, मांजर झेपावतं. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये अशा १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली, उपचार मिळालेली सुमारे नव्वद टक्के जगली. पण म्हणून पडली तरी पायावरच पडते म्हणत निर्धास्त राहायचं नाही, जबडा फुटतो, छातीत हवा भरते, पाय मोडतात. सगळं पुणं कबुतरं आत येऊ नयेत म्हणून जाळ्या बसवतं. मी म्हणते, मांजर बाहेर जाऊ नये म्हणून बसवा, कबुतरांचं काम आपोआप होईल.

राहिला प्रेमाचा मुद्दा. मांजर घराचं आणि कुत्रा माणसाचा, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. दवाखान्यात प्राणी भरती करायला लागल्यापासून माझा त्यावरचा विश्वास उडाला. कुत्रा पहिली रात्र रडतो, दुसऱ्या दिवशी आमच्या कंपाउंडरच्या हातून चिकन खातो, तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघून शेपटी हलवतो. यात बेइमानी काही नाही, त्याला माणूसजातच आवडते. मांजर मात्र कुणाच्याही हातून खात नाही. आणि जाड मांजरानं दोन-चार दिवस काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचते, म्हणजे मूळ आजार राहतो बाजूला. मग आम्ही मालकाला बोलावतो. एक रिक्षावाले दादा रात्री शेवटचं भाडं सोडून यायचे, पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसायचे आणि बोटावर घेऊन सुकटीचं पाणी चाटवायचे. दिवसभर आमच्यावर फिसकारणारा तो बोका त्यांच्या बोटावरून सगळं खायचा. मग दादा त्याच्याकडे बघून सावकाश डोळे मिटायचे-उघडायचे, तोही तसंच करायचा. असे सावकाश मिटलेले डोळे बघून मांजरही तसाच प्रतिसाद देतं, जवळ येतं, असं इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. दादांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पंगतीतल्या बाईंना मी शेवटी जे सांगते ते असं: नोकरी दोघांनाही असेल, घर सात-आठशे फुटांचं असेल, तर मांजर आणा, शक्यतो दोन गावठी बहिणी एकत्र, म्हणजे दिवसभर एकमेकींना सोबत होते. नसबंदी वेळेवर करा, नाहीतर माजावर आल्यावर रात्री दोनला जो आवाज येईल त्यानं सोसायटीची सभा बोलावली जाईल. घरात निवृत्त माणूस असेल, ज्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि जो चालत नाही, तर कुत्रा आणा, दोघंही सुधारतील. आणि मांजर कमी कटकटीचं म्हणून आणत असाल तर आणू नका. त्याच्याकडे कुत्र्यापेक्षा जास्त बघावं लागतं.

अलीकडे मी दुपारची वेळ फक्त मांजरांसाठी ठेवली आहे. बाकड्यावर शेजारी कुत्रा भुंकत असला की घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर एवढी वाढते, की तिला मधुमेह आहे की नुसती भीती हेच कळत नाही. कुत्रेवाल्यांना हा अन्याय वाटतो. आमचे एक लॅब्रेडॉरवाले काका तर वेळ मोडून येतातच आणि दारातून विचारतात, "आत कुणीच दिसत नाही, मग आम्हाला का बसवता?" मी सांगते, आत मांजर आहे. पहिली दहा मिनिटं मी तिला हात लावत नाही, टोपलीचं झाकण काढून ठेवते आणि मालकिणीशी बोलत बसते: ट्रेमध्ये रोज लघवीचे गोळे किती निघतात, पाणी वाढलंय का, ओट्यावर उडी अजून एका दमात मारते का, चाटून चाटून कुठे केस गेलेत का. काकांना हे काही पटत नाही. त्यांचा लॅब्रेडॉर तोवर मागचा डावा पाय वर धरून, तक्रार काय ती सांगून मोकळा झालेला असतो.